घरचा भाव

मु. पो. हट्टा, ता. वसमत
महालक्ष्म्या उठून आठवा दिवस

आदरणीय रामप्रसाद गुरुजी,

हट्ट्याहून तुमच्या व्याह्याचा, म्हणजे माऊलीचा, तुम्हाला आणि विहीणबाईंना वाकून नमस्कार. (वाकून हे रीतीपुरतं लिहिलेलं नाही. पोळ्याच्या आधीपासून माझी कंबर धरली आहे आणि सध्या मी सगळ्यांनाच वाकून भेटतो. गावात माझा स्वभाव सुधारल्याची चर्चा आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? नरसीच्या देवळाच्या पायऱ्या तुम्ही अजून एकट्यानेच चढता असं पुनम सांगत होती. कृपा करून कुणाला तरी सोबत घेत जा. विहीणबाईंची साखर आटोक्यात आली असेल अशी आशा करतो. इकडे आमच्या सौ. पार्वतीबाई ठीक, तुमची सून पुनम ठीक, हळदीची मशीन ठीक. मी ठीक नाही, ते खाली सविस्तर लिहितो.

फोन असताना हा माणूस पत्र काहून लिहून राहिला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे की तुमच्याशी फोनवर बोलताना मी आपोआप उभा राहतो आणि मुद्दा विसरतो. हेडमास्तरांच्या आवाजाची ही जुनी तकलीफ आहे. शिवाय तुमच्याकडे फोन मोठ्या आवाजावर असतो आणि शेजारचे लोक मध्येच मला रामराम घालतात. मोबाईलवर लिहून पाठवावं म्हटलं, तर मागच्या खेपेला मी दंडाची पावती सीएसाहेबांना पाठवायला गेलो आणि ती आपल्या सोयऱ्यांच्या ग्रुपवर गेली. तिघांनी अभिनंदन कळवलं. म्हणून पत्र. शुद्धलेखनाच्या चुका दिसतील तिथे लाल शाई करा, पण वाचा मात्र शेवटपर्यंत.

माझा धंदा तुम्ही पाहिलेला आहे. हळद पॉलिश करायचा एक ड्रम, दळायची एक चक्की आणि पुडे भरायला पत्र्याचं एक शेड. कायमची माणसं नऊ, त्यात तांड्यावरचा लालसिंग सगळ्यात जुना. ड्रमच्या आवाजावरून आत हळद कोणत्या गावची आहे ते तो सांगतो, आणि बराबर सांगतो. या सगळ्याचा हिशेब अठरा वर्षं एका लाल कापडाच्या वहीत मावत होता. मार्च संपला की वह्या पिशवीत घालून मी वसमतला सीएसाहेबांकडे न्यायचो, ते माझ्या अक्षरावर रागवायचे, मी चहा मागवायचो आणि दोन तासांत वर्ष मिटायचं. त्या काळात मी सुखी होतो, पण ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग दोन वर्षांमागचा धोंड्याचा महिना आला. लेक-जावई जेवायला आले. पुरणाचे धोंडे झाले, दिवे ओवाळले, आणि रीतीप्रमाणे मी जावईबापूंना विचारलं की तुम्हाला काय द्यावं. अंगठी घ्या, घड्याळ घ्या, आमची ऐपत जाणून पण संकोच न करता बोला, असं सगळं म्हणालो. जावईबापूंनी (तुमचे संस्कार) मान खाली घालून सांगितलं की मामा, मला काही नको, फक्त या फॉर्मवर एक सही करा. मला इतकं भरून आलं की मी वाचल्याशिवाय सही केली. पार्वतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तो फॉर्म त्यांच्या कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा होता. पहिल्या वर्षाचे नऊ हजार. मूळ किंमत कितीतरी जास्त होती, पण जावईबापू म्हणाले की हा घरचा भाव आहे. अंगठी साधारण तेवढ्यालाच पडली असती, म्हणून मी मनात बरोबरी करून टाकली. फरक पुढे कळला. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो. हे दर वर्षी येतं.

सॉफ्टवेअर आल्यावर समजलं की ते ठेवायला कॉम्प्युटर लागतो. एक जुना होता, तो सॉफ्टवेअरला पसंत पडला नाही. नवा घेतला, अडतीस हजार. हट्ट्याची वीज तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून लाईट गेल्यावर कॉम्प्युटरला तग धरता यावा यासाठी एक बॅटरीचं खोकं घेतलं. नेट घेतलं. नेटवाल्याने शेडच्या पत्र्याला भोकं पाडली, ती पावसात गळायला लागली, म्हणून पत्रा बदलला. (पत्र्याचा खर्च मी सॉफ्टवेअरच्या नावावर टाकला. सीएसाहेब म्हणाले की असं करता येत नाही. मी म्हणालो, मग कुणाच्या नावावर टाकू? त्यांनी चहा मागवला.) एवढं होऊन पहिली नोंद पडली ती माझ्याच हातची, चारशे रुपयांच्या सुतळीची. ती मी चार वेळा केली आणि चारही वेळा ती बराबर जमा झाली. कागदावर आमच्याकडे सोळाशे रुपयांची सुतळी होती.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी एकच माणूस बसू शकतो, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी इथे हट्ट्यात बसलो की सीएसाहेबांना वसमतेत बसता येत नाही. दुसऱ्या माणसाचे पैसे वेगळे. ते वाचवायला आम्ही असं ठरवलं की मी बाहेर पडलो की त्यांना फोन करायचा, आणि ते बाहेर पडले की त्यांनी मला. सहा महिने दोन जाणती माणसं एकमेकांना “निघालो” आणि “बसलो” एवढंच कळवत होती. एकदा मी आत बसल्याचं विसरून सिद्धेश्वर धरणावर मावसभावाकडे मासे खायला गेलो. वीस तारीख होती, जीएसटी भरायचा शेवटचा दिवस, आणि सीएसाहेबांना दार उघडेना. मी धरणाच्या भिंतीवरून लालसिंगला फोन करून सांगितलं की मला बाहेर काढ. तो बिचारा म्हणाला की शेठ, तुमी तर हितं न्हाईच. मी म्हणालो, कॉम्प्युटरमधून. त्याने वायर उपटली. कॉम्प्युटर बंद पडला, पण मी आतच राहिलो. तीन दिवसांचा दंड दीडशे रुपये झाला. सीएसाहेब जे बोलले त्याची पावती नाही. त्यानंतर दुसऱ्या माणसाचे पैसे भरले.

पगाराचं खातं, म्हणजे त्याच सॉफ्टवेअरचा पगार काढायचा वेगळा भाग, मात्र मी मागितलं नव्हतं. माझी नऊ माणसं दर शनिवारी उचल घेतात आणि महिन्याला उरलेलं घेतात. ते मला तोंडपाठ आहे आणि त्यांनाही. पण त्या तिमाहीत जावईबापूंना पगाराची खाती खपवायची होती. पुनम फोनवर एवढंच म्हणाली की बाबा, तुमच्याकडे माणसं आहेतच ना. लेक असं बोलली की बाप काय करणार? माणशी महिन्याला ऐंशी रुपये, आणि घेतलं तर कमीत कमी पंचवीस माणसांचं घ्यावं लागतं. घरच्या भावात निम्मे. मी हिशेब केला की नऊ माणसांसाठी मी सोळा न जन्मलेल्या माणसांचे पैसे भरतोय.

त्या खात्याने दुसऱ्याच महिन्यात घोळ घातला. आमची सुटी बाजाराच्या दिवशी असते, कारण त्या दिवशी तसंही कुणी येत नाही. सॉफ्टवेअरच्या मते सुटी रविवारची. त्यामुळे रविवारी कामावर आलेल्या प्रत्येकाला त्याने दुप्पट रोज लावला आणि बाजाराच्या दिवशी सगळ्यांचा खाडा धरला. वजाबाकी होऊन लालसिंगच्या चिठ्ठीवर अठराशे सत्तर रुपये जास्त निघाले. चिठ्ठी इंग्रजीत होती, पण आकडा कुणालाही वाचता येतो. मी म्हणालो की मशीन चुकली. लालसिंग चिठ्ठी घडी करून खिशात ठेवत शांतपणे म्हणाला, “शेठ, गेल्या महिन्यात माजा आकडा कमी निगाला, तवा तुमी म्हणले मशीन चुकत न्हाई. एकदा काय ते ठरवा.” गुरुजी, तुम्ही पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं. तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर कळवा. मी नऊही जणांना जास्तीचे पैसे दिले. त्या महिन्यात हळद आमच्या मालकीची होती, नफा त्यांचा.

फाल्गुनात हंगाम लागला की चौदा माणसं वरून घ्यावी लागतात. तेवीस झाली. शिला आणि मिना या दोन बहिणी चार दिवस पुडे भरायला आल्या आणि माहेरी निघून गेल्या. झाली पंचवीस. त्या दोघी सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अजून आमच्याकडेच कामाला आहेत, कारण एकदा चिठ्ठी निघालेलं नाव वर्ष संपेपर्यंत काढता येत नाही. त्याच सुमारास तांड्यावरचा नेमसिंग दारात येऊन उभा राहिला. शेडमध्ये पॉलिशला आलेल्या पोत्यांची थप्पी आढ्याला लागली होती, मला माणूस हवा होता, त्याला काम हवं होतं. पण सव्विसावं नाव घातलं की पन्नास माणसांचा दर लागतो. मी त्याला न्हाई म्हणालो. त्याने काहून ते विचारलं. मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. तो थोडा वेळ कॉम्प्युटरकडे बघत उभा राहिला आणि गेला. ही एक गोष्ट मला हसून सांगता येत नाही. थप्पी पुढे तीन आठवडे तशीच राहिली आणि दोन गिऱ्हाईकं दुसऱ्या मशीनवर गेली.

बिघाड झाला की मदतीचा एक नंबर आहे. पहिलं वर्ष तो फुकट होता. तिकडून एक बाई गोड हिंदीत माझा ग्राहक क्रमांक विचारायच्या, मी सांगायचो, आणि मग गाणं लागायचं. मी ते गाणं ड्रमजवळ गुणगुणतो असं मला पार्वतीबाईंनी दाखवून दिलं, तेव्हा मी फोन करणं सोडलं. त्याऐवजी जावईबापू स्वतः नांदेडहून येऊन दुरुस्त करायला लागले, एक पैसाही न घेता. पण गुरुजी, तुम्हीही मुलीचे बाप आहात. जावई घरी आला तर त्याला पिठलं वाढता येतं का? कोंबडी कापावी लागते. निघताना हातात काही द्यावं लागतं. सुटीचा दिवस बदलायला ते आले, ती कोंबडी आणि सदऱ्याचं कापड. सुतळी चारशेवर आणायला आले, ती कोंबडी आणि टोपी. मागच्या वर्षी त्यांनी अकरा वेळा दुरुस्ती केली. आमच्या खुराड्यात आता एक कोंबडा आहे आणि तो कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला की छपरावर जाऊन बसतो. पार्वतीबाई त्या सॉफ्टवेअरला “जावयाचं” म्हणतात. आज जावयाचं चाललं का, जावयाचं किती आलं, असं. परक्या माणसाला ऐकायला ते फार वाईट वाटतं, हे मी त्यांना सांगून थकलो.

आता या वर्षाचं. श्रावण लागला आणि मोबाईलवर नोटीस आली की मुदत संपत आहे. मागच्या वर्षी सगळं मिळून अठ्ठावीस हजार तीनशे वीस भरले होते. या वर्षी सत्तावन्न हजार आठशे वीस. मी चष्मा पुसून परत वाचलं. लालसिंगचा चार महिन्यांचा पगार होतो हा. आणि काम काय, तर लालसिंगचा पगार किती झाला ते सांगणं, जे तो स्वतः फुकट सांगतो. बंद करावं म्हटलं तर तेही सोपं नाही. मुदतीनंतर महिनाभर सगळं नुसतं बघता येतं, आणि मग कुलूप. दोन वर्षांची खरेदी, विक्री, उधारी, कुणाची किती पोती, सगळं आत. बाहेर काढून द्यायचे पुन्हा वेगळे पैसे. वही असती तर जळाली तरी राख माझी राहिली असती.

पोळ्याच्या आधी मी नांदेडला कंपनीच्या कचेरीत जाऊन आलो. जावईबापूंना न सांगता गेलो, त्यांना कमीपणा नको म्हणून. काम झालं नाही. परत येताना एसटीत बसताना कंबर धरली, ती आजपर्यंत.

जावईबापू सध्या रजा टाकून इकडेच आलेले आहेत. पुनमही आहे. कुलूप पडायला आठवडा उरला आहे, म्हणून ते रोज सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून दोन वर्षांचा सगळा हिशेब पडद्यावर बघून वहीत हाताने उतरवून घेताहेत. अक्षर अगदी तुमच्यासारखं आहे. तीन वह्या भरल्या. मी शेजारी बसून पानांवर रेघा मारून देतो. ज्या हातांनी हे आत घातलं त्याच हातांनी ते बाहेर येतंय, आणि मध्ये माझी दोन वर्षं आणि लाखाच्या घरातला खर्च गेला, एवढंच.

तर गुरुजी, पत्राचं कारण छोटं आहे. वसमतेत मिळतात त्या वह्यांचा कागद पातळ आहे, शाई मागे उमटते. शाळेच्या काळातल्या जाड पानांच्या दोन लांब वह्या तुमच्या कपाटात असतील तर येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत पाठवाव्यात. बाकी तुम्ही दोघं जपून राहा. थोरांना नमस्कार, घरातल्या मुलांना पार्वतीबाईंची आठवण.

तुमचा व्याही,
माऊली

ता. क. हे मी पोस्टाच्या बाकावर बसून लिहितोय, म्हणून शाई बदललेली दिसेल. वरचं पत्र लिहून झाल्यावर जावईबापूंनी, आपल्या विजयकुमारांनी, वाचायला मागितलं. मी दिलं. त्यांनी दोन आकडे दुरुस्त केले (मी दोन्ही कमीच लिहिले होते), आणि कोंबड्यापाशी आल्यावर ते हसले. पुनम चुलीपासून उठून दारात आली. तीन आठवड्यांत त्यांच्या हसण्याचा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला. मग ते म्हणाले की मी टाकून येतो पोस्टात. मी म्हणालो, मी जातो, कंबरेला चालणं चांगलं. आता इथून पुढे ते वाचणार नाहीत.

आणखी. वह्या नकोत. वह्या आहेत.

आणखी. नांदेडला काम झालं नाही असं मी वर लिहिलं, ते अर्धं आहे. कचेरीत टेबलावरच्या माणसाला मी म्हणालो की विजयकुमार साहेबांचा मी सासरा, मला मागच्या वर्षीचाच घरचा भाव द्या. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला की कंपनीत घरचा भाव नावाचं काही नाही. दोन्ही वर्षी माझ्या नावावर पूर्ण रक्कम भरलेली होती. मी दिले ते माझे, आणि वरचे तीस हजार पाचशे तीस विजयकुमारांच्या खात्यातून गेलेले. गुरुजी, मी दोन वर्षं गावभर या माणसाच्या नावाने रडत होतो, आणि तो महिन्याला बावीस हजार कमावून माझ्या रडण्यात भर घालत होता. मग तो माणूस म्हणाला की ते आता इथे नसतात. मृग लागला त्या सुमारास त्यांना काढलं.

कशासाठी ते ऐका. दोन वाढपी असलेला एक हॉटेलवाला पगाराचं खातं घ्यायला तयार झाला होता, सही करत होता. विजयकुमारांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले की तुम्हाला हे लागत नाही, वीस रुपयांची वही घ्या. हॉटेलवाल्याला इतका आनंद झाला की त्याने कंपनीच्या पानावर पाच तारे देऊन लिहिलं, विजयकुमार साहेबांनी तुमचं सॉफ्टवेअर न घेण्याचा प्रामाणिक सल्ला दिला. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी ते वाचलं. मी विचारलं नाही, पण मला वाटतं विजयकुमारांनी तो हात धरला तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर नेमसिंग असावा. तो प्रसंग मी त्यांना सांगितला होता.

मग मी एसटी स्टँडवर आलो. हट्ट्याच्या गाडीला पाऊण तास होता. बाकावर तुमचं लेकरू बसलं होतं. इस्तरी केलेला शर्ट, मांडीवर कंपनीची बॅग, बॅगेवर पुनमने दिलेला डबा. सकाळचे साडेअकरा. दोन महिने ते रोज असेच घरातून निघत होते. पुनमलाही माहीत नव्हतं. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी दचकून डबा झाकला, मग परत उघडला आणि अर्धी पोळी माझ्यापुढे केली. भेंडीची भाजी होती. आम्ही जेवलो. त्यांनी एकच सांगितलं, “मामा, गुरुजींना कळू देऊ नका. ते माझं नाव साऱ्या गावाला सांगतात.” मी हो म्हणालो. तीस हजारांचं मी काढलं नाही, आणि तुम्हीही काढू नका. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच पुनमला सांगितलं. पोळा झाल्यावर मी दोघांना हट्ट्याला घेऊन आलो. महालक्ष्म्यांना ते नरसीला आले ते इथूनच. नांदेडचे म्हणून दिलेले पेढेही इथलेच होते.

आता खरी विनंती, जी मला पहिल्या ओळीत करायची होती. त्यांच्या सत्काराची पत्रिका परवा मिळाली. गावच्या शाळेचे माजी विद्यार्थी, संगणक क्षेत्रात नाव काढल्याबद्दल शाल आणि श्रीफळ, येत्या रविवारी सकाळी दहाला, अध्यक्षस्थानी तुम्ही. विजयकुमारांनी ती वाचली आणि उतरवायच्या वहीत घालून ठेवली. त्या दिवशी दुपारी त्यांनी एकच पान तीन वेळा लिहिलं. गुरुजी, हा कार्यक्रम रद्द करा. कारण माझ्या नावावर टाका: सासरा अंथरुणाला खिळला, जावयाला निघता येत नाही. कंबर खरीच धरली आहे, तुम्हाला खोटं बोलावं लागणार नाही. त्यांचा फोटो असलेला फ्लेक्स चौकात लागला असेल तर उतरवून घ्या. तो पाच बाय आठचा असला तर आमच्या थप्पीवर झाकायला चालेल, त्याचे पैसे मी देतो.

मी शब्द मोडला हे मला कळतं. त्यांनी विचारलं तर मी कबूल करीन. पण हट्ट्यातले दोन दुकानदार आमच्या वह्या बघून गेले आणि म्हणाले की आमचाही हिशेब असाच मांडून द्या, महिन्याला ठरवून पैसे देऊ. विजयकुमार त्यांना म्हणाले की मी गुरुजींना विचारून सांगतो. आणि विचारायला ते धजत नाहीत. दुकानदार दोनदा येऊन गेले. पगाराच्या वहीत नवांखाली दहावं नाव मी त्यांचं लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं.

शेवटचं, पोस्टमास्तर कुलूप घेऊन उभे आहेत. रविवारी नरसीत काहीच नसेल, तर तुम्ही इकडे या. सकाळच्या एसटीने निघा, मी फाट्यावर येतो. नोकरीचं काही विचारू नका, आधी पाणी प्या. दुपारनंतर ते लालसिंगबरोबर ड्रमवर असतात. केस, भुवया, सगळं हळदीने पिवळं झालेलं असतं. ड्रमच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि एकदम ओळखूही येणार नाहीत. तरी तुम्ही नावाने हाक मारा.